गळाला लागतं ते नशीब की कसब?

प्रश्न : आमचं गाव अलिबाग तालुक्यात, खाडीच्या काठावर आहे. नोकरीमुळे मी पनवेलला असतो, पण सुट्टीला घरी आलो की काकांबरोबर गरवायला जातो. दोघांचा तंगूस एकाच रिळातला, गळ एकाच पुडीतले, कोळंबी एकाच डब्यातली. बसतोही दहा पावलांच्या अंतरावर. तरी बहुतेक वेळा काका मासा घेऊन उठतात आणि मी रिकामी पिशवी. कधीतरी उलटं होतं. त्या दिवशी वाटतं, आता जमलं. पुढच्या खेपेला पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. काकांना विचारलं तर म्हणतात, “नशिबात असेल तो लागतो.” हे खरं का? आणि यात शिकण्यासारखं काही असेल, तर आपण शिकतोय की नाही हे कळावं कसं? (एक वाचक, जि. रायगड)

उत्तर : काकांना खोटं पाडायचं कारण नाही. ज्याचा जन्म पाण्याकाठी गेला त्याला आपण कधी काय शिकलो हे आठवतच नाही, मग जे हातून घडतं ते सगळं तो नशिबाच्या खात्यात टाकतो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर हवं असेल तर आधी ते खातं नीट तपासायला हवं.

त्यासाठी एक साधी कसोटी आहे. जे काम मुद्दाम बिघडवता येतं, त्यात कसब असतं. लॉटरी ठरवून हरता येत नाही. गळाचं तसं नाही. गळ बोथट ठेवा, गाठ कशीबशी मारा, पाणी थांबलेलं असताना जा आणि काठावर पाय आपटत फिरा. मासा लागणार नाही याची जवळजवळ हमी देता येईल. ज्या अर्थी हमखास हरता येतं, त्या अर्थी सुधारायला वाव आहे. हमखास जिंकता मात्र कुणालाच येत नाही, आणि तेवढा वाटा नशिबाचा. माझं मत असं, की एका दिवसाचा निकाल बहुतांशी नशीब लावतं आणि एका मोसमाचा निकाल कसब लावतं. मोसमाला विचारायचा प्रश्न तुम्ही दिवसाला विचारता, म्हणून उत्तर दर खेपेला बदलतं.

आता खातं उघडू. खाडीत पहिला मान वेळेचा. पाणी कधी चढणार आणि कधी उतरणार हे ज्याला ठाऊक नाही, त्याला ‘आज पाणी बरं मिळालं’ हे नशीब वाटतं. कोकणात जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीनच्या, अष्टमीला सहाच्या, द्वादशीला नऊच्या सुमारास पाणी पूर्ण भरतं; पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. दिवसातून दोनदा, आणि रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा. खाडीत जितकं आत जाल तितकी भरती मागाहून पोचते, तेव्हा आपल्या गावापुरती दुरुस्ती आपणच करून घ्यायची. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाण. पाणी जोराने चढतं, जोराने उतरतं. अष्टमीच्या सुमारास भांग. पाणी जेमतेम हलतं. खाडीतला शिकारी मासा वाहत्या पाण्याबरोबर येणाऱ्या खाण्यावर जगतो, त्यामुळे पाणी थांबलं की बहुधा त्याचं तोंडही थांबतं. काकांबरोबर जाता तेव्हा निघायची वेळ काका ठरवतात, म्हणून त्यांच्या या जाणतेपणाचा फायदा तुम्हालाही न कळत मिळतो. एकटे जाऊन बघा, किती फेऱ्या नुसत्या वेळ चुकल्याने वाया जातात ते दिसेल.

मग उरतात तुमच्या पत्रातली ‘दहा पावलं’. खाडीत दहा पावलं म्हणजे वेगळा मुलूख. तुमच्याकडच्या खारबंदिस्तीच्या बांधाला उघाडी असते. ओहोटी लागली की बांधाआडचं पाणी त्या दारातून बाहेर पडतं आणि त्याच्याबरोबर कोळंबी, बारीक बोईट, असलं काहीबाही खाडीत येतं. जिताडा त्या धारेत पोहत राहत नाही. ती ताकद तो वाया घालवत नाही. दगडी खांबाच्या नाहीतर कलंडलेल्या तिवराच्या आडोशाला, धावतं पाणी आणि संथ पाणी जिथे एकमेकांना घासून जातं त्या शिवेवर, तोंड धारेकडे करून तो थांबतो आणि समोर आलेला घास ओढून घेतो. ही शीव कधीकधी हातभरच रुंद असते. तिच्यावरून वाहत गेलेली कोळंबी त्याच्या तोंडासमोर पोचते. चार हात अलीकडे पडलेली तीच कोळंबी शिंगाळा खातो, नाहीतर खेकडा. पाण्यावर फेसाची, पालापाचोळ्याची एक रेघ दिसते ती बहुधा हीच शीव. पुढच्या खेपेला काकांच्या गळाकडे बघू नका. गळ टाकण्याआधी ते उभे राहून पाण्यावर कुठे बघतात, तिकडे बघा. कुठे बसतात याहून कुठे टाकतात आणि धारेबरोबर तो कुठवर जाऊ देतात, यात त्यांचं सगळं शिक्षण साठलेलं आहे.

यानंतरचा भाग हातांचा. काका तंगूस बोटावर धरून बसत असतील. शिंगाळा लागला तर बोटाला लागोपाठ हिसके बसतात, बारीक मासे कुरतडतात तेव्हा नुसती थरथर जाणवते आणि जिताडा घास ओढतो तेव्हा एकच दणका येतो. मासा लागला की तो पाण्याबाहेर उसळी मारून डोकं झटकतो. त्या क्षणी तंगूस ढिला पडला तर गळ सुटतो. त्याच्या गालाच्या झाकणाची कडही फार धारदार असते, बारीक तंगूस तिला घासला की तुटतो, म्हणून जाणती माणसं गळाजवळचा हातभर तंगूस जाड बांधतात. गाठ आवळण्याआधी ती थुंकीने ओली करतात, कारण कोरडी गाठ आवळताना घर्षणाने नायलॉन तापतो आणि तिथेच कमकुवत होतो. गळ अंगठ्याच्या नखावर हलकेच ओढून बघतात. घसरला तर बोथट, रुतला तर चालेल. तुमच्या आणि काकांच्या गळांची पुडी एक असेल, पण दगडाला घासून आलेला गळ तुम्ही तसाच पुन्हा टाकत असाल आणि काका त्याला कानस लावत असतील तर गळ एकसारखे राहिले कुठे? ‘निसटला, नशीब!’ असं आपण ज्याला म्हणतो त्यातले कितीतरी मासे गाठीत, धारेत आणि ढिल्या तंगुसात गमावलेले असतात.

हे सगळं शिकण्याजोगं आहे हे आपल्याकडे फार पूर्वीच ओळखलं गेलं होतं. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर असलेल्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये ‘मत्स्यविनोद’ नावाचा स्वतंत्र भाग आहे. माशांचे प्रकार, कुठला मासा कुठल्या पाण्यात राहतो, कुणाला काय खायला घालून एका जागी जमवायचं, दोरी कशाची वळायची, आमिष कसं करायचं, याचं त्यात तपशीलवार वर्णन आहे. ज्या राजापुढे हवा तो मासा ताटात हजर झाला असता, त्याच्यासाठी कुणीतरी एवढं बारकाईने लिहिलं. नुसत्या नशिबाच्या खेळावर असा ग्रंथ होत नाही.

एवढं कसब असूनही काका कधी रिकामे परततात आणि तुम्हाला मासा लागतो. ते का, हे आकड्यांत बघू. समजा, काकांना दर फेरीला सरासरी २ मासे लागतात आणि तुम्हाला १. म्हणजे ते तुमच्या दुप्पट सरस. प्रत्येक मासा स्वतंत्रपणे, योगायोगाने येतो असं धरून संभाव्यतेचा नेहमीचा हिशेब केला, तर १०० फेऱ्यांपैकी सुमारे ६१ फेऱ्यांत काकांना तुमच्यापेक्षा जास्त मासे लागतील, २१ फेऱ्यांत बरोबरी होईल आणि १८ फेऱ्यांत तुम्ही पुढे असाल. दुप्पट कसबाचा माणूस १०० पैकी ३९ वेळा पुढे दिसतच नाही! शिवाय काका स्वतः १३-१४ वेळा आणि तुम्ही ३७ वेळा हात हलवत परताल. आता एकेक फेरी न बघता दहा-दहा फेऱ्यांची बेरीज करा. चित्र पालटतं : त्या बेरजेत काका १०० पैकी साधारण ९६ वेळा पुढे असतील. माणसं तीच, कसब तेच, खाडी तीच. फक्त आपण किती वेळ बघितलं ते बदललं. प्रत्यक्षात मासे एकेकटे येत नाहीत, थव्याने येतात. एखाद्या दिवशी सगळे, एखाद्या दिवशी कुणीच नाही. त्यामुळे खऱ्या खाडीत नशिबाचा हात या हिशेबाहूनही मोठा आणि बघायला हव्यात त्या फेऱ्याही जास्त.

माझ्या मते गरवणाऱ्याची खरी अडचण इथे सुरू होते. सुतार पटाशी चुकीची धरतो तेव्हा लाकूड लगेच सांगतं. पाणी लगेच सांगत नाही आणि कधीकधी खोटं सांगतं. तुम्ही चुकीच्या वेळी, चुकीच्या जागी टाकलेल्या गळाला वाट चुकलेला मासा लागतो आणि तुम्ही ती वेळ, ती जागा, त्या दिवशीचा सदरासुद्धा मनात जपून ठेवता. सगळं बरोबर केलेल्या दिवशी काही लागत नाही आणि तुम्ही बरोबर गोष्ट सोडून देता. अनुभवाने माणूस शहाणा होतो, पण असल्या कामात नुसत्या अनुभवाने ठाम गैरसमजही तयार होतात.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९४८ साली कबुतरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. भुकेल्या कबुतरांना ठरावीक वेळाने दाणे मिळत, ती काहीही करोत. तरी आठपैकी सहा कबुतरांनी आपापली एक रीत पक्की केली. एक गोल गोल फिरायचं, दुसरं डोकं वर झटकायचं. दाणे यायच्या वेळी योगायोगाने जे करत होती, तेच दाणे आणतं असं जणू त्यांनी धरलं. ‘गरवायला निघताना कुणी कुठे चाललास विचारलं की झालं’ म्हणणारा माणूस याच वाटेने त्या समजुतीला पोचतो. त्यात त्याचा बावळटपणा नाही. ज्या कामात निकाल इतका लहरी असतो तिथे शहाण्याच्या मनातही असल्या समजुती घर करतात.

यावर ब्रॉनिस्लॉ मॅलिनॉव्हस्की या मानववंशशास्त्रज्ञाचं निरीक्षण मला फार मोलाचं वाटतं. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते पॅसिफिकमधल्या ट्रोब्रियंड बेटांवर राहिले. तिथले लोक आतल्या उथळ खाजणात वनस्पतीचं विष कालवून मासे धरत. ते काम सुरक्षित होतं आणि मासा खात्रीने मिळे. त्यासाठी मंत्रतंत्र नव्हतं. उघड्या समुद्रावरची मासेमारी धोक्याची आणि बेभरवशाची होती. तिच्याभोवती मंत्रविधींचं मोठं जाळं होतं. माणूस मंत्राकडे वळतो तो कसब संपतं त्या काठावर. मॅलिनॉव्हस्कींनी आणखी एक गोष्ट आवर्जून नोंदवली : ती माणसं मंत्र म्हणत म्हणून होडीच्या बांधणीत किंवा वाऱ्याच्या अंदाजात कुचराई करत नव्हती. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहणारा कोळीही वारा-पाणी बघितल्याशिवाय होडी लोटत नाही. तुमचे काका ‘नशीब’ म्हणतात तेही याच अर्थाने घ्या. ते जे बोलतात त्यापेक्षा ते जे करतात, ते शिका.

तर आपण शिकतोय हे कळावं कसं? वही ठेवा. मोबाईलमधले फोटो चालणार नाहीत, कारण फोटो फक्त लागलेल्या माशाचा असतो, आणि शिकवणारे दिवस बहुतेक रिकामे असतात. तिथी, भरती-ओहोटीची वेळ, पाणी चढतं होतं की उतरतं, गढूळ की निवळ, गळ नेमका कुठे टाकला, आमिष जिवंत की मेलेलं, किती तास बसलात, किती वेळा हिसका बसला, किती लागले, किती निसटले आणि का. काही लागलं नाही तरी पान भरायचंच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. जागा आणि आमिष दोन्ही एकदम बदलून मासा लागला तर श्रेय कुणाला देणार? आणि हिसक्यांचा हिशेब माशांच्या हिशेबापासून वेगळा ठेवा. हिसके वाढले तर तुमची वेळ आणि जागा सुधारली. हिसके तेवढेच असून मासे वाढले तर हात सुधारले. काठावर किती मासे आले हा आकडा सगळ्यांत उशिरा बदलतो, म्हणून धीर सुटतो. हिसके तुलनेने लवकर बोलतात.

असल्या वह्यांची किंमत किती असते त्याचं एक उदाहरण कावेरीचं आहे. लोणावळ्याजवळच्या वळवणच्या केंद्रात निळ्या परांच्या महासीरची पैदास होते. तिथलं बीज कावेरीतही सोडलं गेलं. कावेरीकाठच्या गलिबोरे इथल्या छावणीत गळाने मासे धरून पुन्हा सोडून देणाऱ्या शौकिनांच्या १९९८ ते २०१२ या काळातल्या नोंदी संशोधकांनी पुढे तपासल्या, तेव्हा दिसलं की निळ्या परांचा महासीर वाढत गेला आणि कावेरीचा स्वतःचा, मोठ्या वशिंडाचा महासीर झपाट्याने कमी होत गेला. २०१८ मध्ये तो मासा अतिसंकटग्रस्त यादीत गेला. नदीच्या तळाशी काय चाललंय हे त्या कागदांवर उमटलं होतं. छावणीत एकेका सुट्टीपुरता बसलेल्या एकाही माणसाला ते एकट्याने कळलं नसतं.

आणि फार मोठ्या माशाचं काय? तिथे मी नशिबाला मोकळ्या मनाने मान देतो. २ जून १९३२ रोजी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात पावसाने नांगरट थांबली म्हणून जॉर्ज पेरी हा तरुण शेतकरी मित्राबरोबर माँटगोमेरी नावाच्या तळ्यावर गेला. त्याला लागलेला बास मासा २२ पौंड ४ औंस, म्हणजे दहा किलोच्या थोडा वर भरला. घरच्यांनी तो शिजवून खाल्ला. तो विक्रम पुढे ७७ वर्षं कुणी गाठला नाही. २ जुलै २००९ रोजी जपानच्या बिवा तळ्यात मानाबू कुरिता यांनी तो गाठला. त्यांचा मासा पेरीच्या माशाहून जेमतेम एक औंस भारी होता, आणि नवा विक्रम धरायला किमान दोन औंस जास्त लागतात, म्हणून दोघांची बरोबरी जाहीर झाली. एक शेतकरी पाऊस पडला म्हणून गेलेला, दुसरा जिवंत मासा आमिष लावून मोठ्या बासच्या मागावर असलेला. आकडा एकच. म्हणून एका माशावरून माणसाचं कसब कधी मोजू नये. पण पेरीबद्दल एवढं सांगायलाच हवं, की १९३२ साली ज्या मासिकाच्या स्पर्धेत त्याचा तो मासा पहिला आला, तीच स्पर्धा त्याने १९३४ साली आणखी एका मोठ्या माशावर पुन्हा जिंकली. ज्याला जग नुसता नशीबवान समजत आलं, त्याला तळं वाचता येत होतं.

प्रश्न : परदेशात गळाने मासे धरायच्या स्पर्धा होतात. नशिबाचा भाग एवढा मोठा असेल तर त्या स्पर्धा म्हणजे सोडतच नव्हे का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : सोडत असतेच, पण जागांची. काठावर ठरावीक अंतराने खुणा रोवलेल्या असतात आणि कुणी कुठे बसायचं ते चिठ्ठी काढून ठरतं. चांगली जागा मिळाली तर निम्मं काम झालं. हा अन्याय कमी करायला आयोजकांनी चांगली युक्ती काढली आहे : जागतिक स्पर्धेत काठाचे विभाग पाडतात, माणसाचा क्रमांक त्याच्या विभागातल्या लोकांशीच तुलना करून लावतात, आणि दोन दिवसांच्या क्रमांकांची बेरीज धरतात. शेजाऱ्याला जवळपास तुमच्यासारखंच पाणी मिळालेलं असतं, त्यामुळे फरक उरतो तो बराचसा हाताचा.

तो उरतो हे निकालांवरून दिसतं. इंग्लंडच्या बॉब नड यांनी वैयक्तिक जगज्जेतेपद १९९०, १९९१, १९९४ आणि १९९९ असं चारदा जिंकलं; त्यांच्याच देशाच्या ॲलन स्कॉटहॉर्न यांनी १९९६ ते १९९८ सलग तीन वर्षं आणि पुन्हा २००३ व २००७ मध्ये. दर वर्षी वेगळा देश, वेगळं पाणी, वेगळी चिठ्ठी. सोडतीत एकच नाव इतक्यांदा निघत नाही.

यात एक गुंतागुंत मात्र आहे. स्पर्धेत उतरलेले सगळेच जेवढे तरबेज होत जातात, तेवढा त्यांच्यातला फरक कमी होतो आणि मग उरलेला निकाल नशीब ठरवतं. तुमच्या गावच्या तळ्यावर कसबाने दहा जणांना मागे टाकता येईल; जगातल्या दहा सर्वोत्तम लोकांत बसलात तर त्या दिवशीची चिठ्ठी जड जाईल. त्यामुळे ‘नशीब किती’ हा प्रश्न नेहमी ‘कुणाच्या शेजारी बसलाय’ यावर अवलंबून असतो.

प्रश्न : आमच्या धरणाच्या फुगवट्यात चार-पाच वर्षांपूर्वी नकली बेडूक टाकला की मरळ हमखास यायची. आता त्याच जागी, त्याच बेडकाला विचारत नाही. नशीब फिरलं म्हणावं का? (एक वाचक, जि. पुणे)

उत्तर : नशिबाआधी माशांचा विचार करा. तुम्ही शिकता तसे तेही शिकतात. नेदरलँड्सच्या बेउकेमा या संशोधकाने १९७० च्या सुमारास तळ्यात प्रयोग करून दाखवलं, की एकदा गळ लागून सुटलेला कार्प पुन्हा गळाला लागणं बरंच अवघड होतं. पाईक या शिकारी माशावर केलेल्या प्रयोगात तर मासे चकाकत फिरणाऱ्या नकली आमिषाला टाळायला शिकले, पण जिवंत आमिषाला तितकेसे टाळेनात. हे परदेशी मासे आहेत, मरळीवरचे प्रयोग नव्हेत. तरी तुमच्या बेडकाची कथा याच्याशी जुळते. तुम्हाला त्या बेडकाने मासे मिळतात हे फुगवट्यावरच्या इतरांनीही बघितलं असणार. त्या जागी किती बेडूक पडले असतील याचा अंदाज करा.

दुसरी शक्यता अशी, की जे लवकर लागतात ते मासे उरलेच नसतील. अमेरिकेत इलिनॉय राज्यात बास माशांवर वर्षानुवर्षं चाललेल्या प्रयोगात सहज गळाला लागणारे आणि न लागणारे मासे वेगळे करून त्यांच्या पिढ्या वाढवल्या, तेव्हा हा गुण काही प्रमाणात आईबापांकडून पिलांकडे उतरतो असं दिसलं. धीट मासे दर मोसमात काठावर गेले तर पाण्यात मागे राहतात ते सावध मासे आणि त्यांची सावध पिलं.

तेव्हा आधी आमिष बदला, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे बघायची पद्धत बदला. मरळ हवेतही श्वास घेते. थोड्या थोड्या वेळाने तिला पृष्ठभागावर यावंच लागतं. पहाटे वारा नसताना गवताच्या कडेला तिचं तोंड वर येतं आणि एक जाड, संथ वर्तुळ उमटतं. बारीक माशांच्या टिपटिपीहून ते सहज वेगळं ओळखता येतं. वर्तुळ उमटल्यावर बरोबर त्याच्यावर आमिष आपटू नका, तिच्या पुढे दोन-तीन हात टाकून हळू आणा. आंधळेपणाने पन्नासदा बेडूक फेकण्यापेक्षा अशी एक फेक मोलाची. फुगवटा मच्छीमार संस्थेला ठेक्याने दिलेला असेल तर त्यांची परवानगी घ्या आणि त्यांच्याशी बोला. पाणी किती उतरलं, कुठलं बीज सोडलं, तिलापिया किती वाढला, हे त्यांच्या जाळ्यांना तुमच्या गळाच्या आधी कळतं.

एक कळकळीची विनंती आहे. पावसाळ्यात उथळ पाण्यावर तांबूस पिलांचा दाट पुंजका उकळल्यासारखा हलताना दिसतो. त्याच्या खाली मरळीची जोडी राखण करत असते. तिथे काहीही टाकलं तरी ती तुटून पडते, कारण तेव्हा ती भुकेने धावत नाही, पिलांना वाचवायला धावते. तिथे मासा मिळवायला ना कसब लागतं ना नशीब, म्हणून बरेच जण नेमके तिथेच गळ टाकतात. राखणदार गेले की काही तासांत तिलापिया आणि इतर मासे तो पुंजका फस्त करतात. चार-पाच वर्षं असं चाललं असेल तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर कदाचित तिथेच आहे. पिलं काही आठवडे आईबापांबरोबर राहतात, मग पांगतात. तोवर त्या कोपऱ्याकडे जाऊ नका आणि बरोबरच्यांनाही जाऊ देऊ नका. एकट्या फिरणाऱ्या मरळीसाठी फुगवट्याच्या दुसऱ्या बाजूला, जिथे बुडालेल्या बाभळी आणि पाणगवत एकत्र येतात तिथे, पहाटे बसून वर्तुळं मोजायला सुरुवात करा.